आईचा राग आणि अठरा मिनिटांचा कॉम्प्युटर

अठरा मिनिटं! अहो, हसताय काय, अठरा! घड्याळ लावून मोजलीयत मी, तीनदा मोजली, तिन्ही वेळा अठरा, एकदा तर वर चाळीस सेकंद... बटण दाबायचं, मग काळा पडदा, मग निळा पडदा, मग ते गोल गोल फिरणारं कडं, आणि मग तुम्ही खुशाल जाऊन आंघोळ करून या, केस वाळवा, दारात उभं राहून शेजारणीचं गाऱ्हाणं ऐका, परत या, ते कडं आपलं फिरतंयच! आणि मला सगळे काय सांगतात? "नवीन घे." बायको म्हणते नवीन घ्या, कॉम्प्युटरच्या दुकानातला तो तर मान वरसुद्धा न करता म्हणतो, "साहेब, हे मॉडेल आता आम्ही फक्त फोटोत बघतो." अरे बाबा, मला नवीन नकोय! मला आहे तोच पळवायचाय. आणि तोही माझ्यासाठी नाही, आईसाठी.

थांबा, आधी आई सांगतो, कॉम्प्युटर काय, पळून जात नाही, तीच तर तक्रार आहे!

आई माझी एकतीस वर्षं कोर्टात टायपिस्ट. आता हाताला कंप आहे, पेन धरलं की अक्षर भूकंपात सापडल्यासारखं येतं, पण तेच हात कीबोर्डवर ठेवा... कंप गायब! टकटकटकटक, मान सरळ, नजर समोर, एक चूक नाही. म्हणून वडिलांनी शेवटी शेवटी तिला हा कॉम्प्युटर आणून दिला, पॅसेजमध्ये खिडकीपाशी मांडला, काय कुठे ते शिकवलं, आणि त्याच वर्षी ते गेले. आता तुम्हीच सांगा, हा काढून नवीन आणू? कुठल्या तोंडाने?

आणि आईला लिहायचं होतं एक पत्र. एकच. तिच्या दादाला, म्हणजे माझ्या मामाला. सहा वर्षं बोलत नाहीत दोघं. सहा! कारण काय? दोन शब्द. "चांगला डॉक्टर." वडील हॉस्पिटलमध्ये होते, मामा बसने आला, तासभर उशाशी बसला, आणि निघताना जिन्यात म्हणाला, "आधी कळवलं असतंस तर चांगला डॉक्टर बघितला असता." बास! गेला तो, आणि पंधरा दिवसांनी वडीलही गेले. तेव्हापासून आईच्या डोक्यात ते दोन शब्द. "म्हणजे मी काय वाईट डॉक्टर बघितला होता?" हे ती भिंतीला विचारते, भाजी चिरताना विळीला विचारते, मला विचारते. मी काय सांगणार? मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो!

फोन कर म्हटलं. "फोनवर तोही बोलतो," म्हणाली. म्हटलं, मग? म्हणाली, "पत्रात मध्ये बोलता येत नाही त्याला." मोबाइलवर लिही म्हटलं. "अंगठ्याने लिहिलेल्याला पत्र म्हणत नाहीत." मिटलं.

आता यंदा काय झालं, मामाच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरल्याचं कुठून तरी कानावर आलं, आणि आई विरघळली. खरंच विरघळली हो! सकाळी सकाळी म्हणाली, "मी आज दादाला लिहिते." मला इतका आनंद झाला, मी दुकानात चुकून एकाच्या डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवणार होतो. संध्याकाळी घरी आलो, विचारलं, लिहिलंस? आई म्हणाली, "नाही. त्याने बोलायला नको होतं तसं." दुसऱ्या दिवशी तेच! सकाळी लोणी, संध्याकाळी दगड. तिसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली, पॅसेजमध्ये स्टुलावर बसलो आणि बघितलं काय होतं ते.

ऐका हं. बटण दाबलं. तिसऱ्या मिनिटाला आई गुणगुणतेय. पाचव्याला म्हणते, "दादाने मला खांद्यावर बसवून पूर दाखवला होता." मी म्हटलं वा वा. सातव्याला डोळे पुसले. नवव्याला हसली. आणि अकराव्याला... चेहरा असा आवळत आला, आवळत आला, अकराव्या मिनिटाला आई हॉस्पिटलच्या जिन्यात पोचली! "चांगला डॉक्टर म्हणे! एम.डी. होता तो, एम.डी.!" अठराव्याला पडदा उघडला, टुंग वाजलं, आणि आई खुर्ची मागे सारून उठली. "बंद कर तो. नाही लिहायचं मला."

कळलं का आता? पत्र आईमुळे अडलेलंच नव्हतं! पत्र अडलं होतं त्या सात मिनिटांमुळे! कॉम्प्युटर अकराच्या आत उघडला, तर आई पुराच्या पाण्यात असतानाच लिहायला लागेल, आणि अकरा ओलांडली की संपलं. तेव्हाच मी ठरवलं, डॉक्टरच्या आधी पोचायचं! काय वाट्टेल ते होवो, डॉक्टरच्या आधी!

मग मी लागलो शोधायला. आणि तुम्हाला सांगतो, तोवर मला माहीतच नव्हतं, की आपण जे बघतो ना, ते चार आयकॉन आणि खालची पट्टी, तो नुसता दिवाणखाना आहे. पाहुण्यांसाठी. खरं घर आत आहे! खाली एक चौकट उघडायची, त्यात एक विचित्र अक्षरांचा शब्द लिहायचा, तो शब्द कुठे लिहिलेला नसतो, कुणी सांगत नाही, मला एका चर्चेच्या पानावर सापडला, तिथे "थंडोबा" नावाने लिहिणारा कुणी गृहस्थ होता, त्याने सगळं मांडून ठेवलेलं आणि खाली लिहिलेलं, "स्वतःच्या जबाबदारीवर करणे, मला शिव्या देऊ नयेत." माणूस आवडला मला.

तर तो शब्द लिहिला, आणि एक यादी उघडली. कॉम्प्युटर सुरू झाला की जे जे आपणहून उठतात त्यांची. किती असावेत? एकतीस! एकतीस जण सकाळी एकदम उठतात आणि सगळे एकाच बाथरूमच्या दारात! त्यात प्रिंटरचा माणूस होता, तो प्रिंटर आम्ही चार वर्षांपूर्वी टाकून दिला. कॅमेऱ्याचा होता, कॅमेरा कधी नव्हताच. हवामान सांगणारा एक होता, अरे, खिडकी शेजारीच आहे की! आणि व्हायरस पकडणारे तीन होते, तिघंही दिवसभर एकमेकांची झडती घेत बसलेले. मी एकेकाच्या पुढची खूण काढत गेलो, झोप, झोप, तूही झोप... व्हायरसवाला एक ठेवला, सत्तावीस जणांना झोपवलं, मशीन बंद करून परत सुरू केलं.

नऊ मिनिटं! नऊ! मी पॅसेजमध्ये नाचलो. बायको आतून म्हणाली, "काय पडलं?" मी म्हटलं, आई, बस खुर्चीवर, आपण डॉक्टरच्या आधी पोचलो! आई बसली. बटण दाबलं. तिसऱ्या मिनिटाला पूर, पाचव्याला डोळे पुसले, मी म्हटलं जरा लवकरच होतंय... आणि आठव्या मिनिटाला आई जिन्यात! आठव्या! अहो, मी कॉम्प्युटरचा वेग वाढवतोय तर आईनेही वाढवला! रोजची सवय झालेली ना त्या रस्त्याची, आता मधले थांबे घेतच नाही!

बायको म्हणाली, "अहो, आईंनाच विचारा ना, आतून काही बंद करता येतं का."

पण मी मागे हटणारा नाही. काच घासणारा माणूस आहे मी, केसाएवढी चूक राहिली तर गिऱ्हाईक जिन्यावरून पडतं, चिकाटी अंगातच आहे. मी आणखी आत गेलो. आत म्हणजे कुठे? रजिस्ट्री! कॉम्प्युटरच्या सगळ्या सवयींची वही, पण ती एक भानगडच आहे. कपाटात कप्पा, कप्प्यात खण, खणात डबी, डबीत पुडी, आणि पुडीवर एक आकडा. हवा तो आकडा बदला, पण चुकीचा बदललात तर कॉम्प्युटरला आपण कोण तेच आठवत नाही. थंडोबाने ठळक अक्षरांत लिहिलेलं, "आधी सगळ्याची एक नक्कल बाजूला ठेवा." मी ठेवली. मी दोन ठेवल्या.

आणि तिथे मला काय सापडलं सांगू? तुम्ही मेनूवर बाण नेता ना, तेव्हा तो उघडायला जरा वेळ लागतो, आपण म्हणतो बिचारा थकलाय, जुना झालाय... खोटं! साफ खोटं! तिथे आकडा लिहिलेला असतो, चारशे. म्हणजे चारशे मिलिसेकंद तो मुद्दाम थांबतो! मुद्दाम हो! काम नाही, अडचण नाही, नुसताच थांबतो, सरकारी खिडकीतल्या माणसासारखा! माझं डोकंच फिरलं. खोडला चारशे, लिहिला शून्य. मग पुढे, बाणाखाली सावली पडते, ती कशाला? काढली. खिडकी हळूच उमलते, कशाला? काढलं. खिडकी मिटताना पदर सावरत खाली पट्टीत जाऊन बसते, एवढा थाट? काढला! मग सेवा नावाचा आणखी एक खण सापडला, त्यात दीडशे नोकर आडवे पडलेले, त्यातला एक बंद केला तर आवाज गेला, परत लावला, दुसरा बंद केला तर कीबोर्ड मेला! आता परत लावायचं तर त्या चौकटीत शब्द लिहायला हवा, आणि लिहायचा कशाने? कीबोर्ड मेलाय! शेवटी पडद्यावरच्या चित्रातल्या कीबोर्डवर माउसने टिचक्या मारत एकेक अक्षर लावलं, घामाघूम, आणि बायको दारात उभी. "दुकानात काचा कोण घासतंय मग?"  तीन आठवडे, रोज दुकान सुटल्यावर जेवणापर्यंत, मी आत होतो. कागदावर आकडे लिहून भिंतीला चिकटवत होतो. नऊ, सात, पाच, साडेतीन...

आणि एका रविवारी सकाळी, पन्नास सेकंद. मिनिटसुद्धा नाही! आईला बोलावलं. आई खुर्चीत बसेबसेपर्यंत टुंग! ती दचकली. म्हणाली, "हा काय करतोय?" मी म्हटलं, आला! तुझ्या आधी आला! लिही आता, आठवू नकोस काही, लिही! आणि तिने हात ठेवले, मान सरळ केली... टकटकटकटक! मी स्वयंपाकघरात गेलो, बायकोचा हात धरला आणि म्हटलं, डॉक्टरच्या आधी पोचलो गं. खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले होते. सहा वर्षांनी ती त्याला लिहीत होती.

त्या दिवसापासून कॉम्प्युटर मी बंदच करू दिला नाही, न जाणो! सोमवारी टकटकटक. मंगळवारी टकटकटक. बुधवारी मी विचारलं, झालं का पत्र? आई म्हणाली, "होईल." गुरुवारी परत टकटकटक! बायको म्हणाली, "पत्र लिहितायत की निकालपत्र?" शुक्रवारी मी बघितलं तर कॉम्प्युटर परत रांगायला लागलेला. म्हटलं, हे काय आता? कोण उठलं परत? खालच्या पट्टीकडे नजर गेली आणि मी गारच पडलो. नऊ पत्रं! नऊ खिडक्या खाली मिटून बसलेल्या, नऊच्या नऊ "प्रिय दादा"ने सुरू होणाऱ्या!

म्हटलं, आई, नऊ वेळा का लिहिलंस? आई अगदी शांतपणे म्हणाली, "उडतं ना ते. मी आपली ती आडवी रेघ दाबते, कुणी आलं की पत्र मिटवायला. आधी ते खाली जाऊन बसायचं, दिसायचं मला जाताना. आता फट्‌कन नाहीसं होतं. गेलं म्हणून मग नवीन घेते."

पदर सावरत खाली जाऊन बसणारी खिडकी! तो थाट नव्हता हो! तो थाट म्हणजे आईला सांगणं होतं, मी गेले नाही, इथे खाली आहे! आणि मी तेच काढून टाकलं, वेगासाठी! म्हटलं, अगं मग मला विचारायचंस ना, पत्र कुठे गेलं म्हणून! तर म्हणते कशी, "एकतीस वर्षांत नाही विचारलं कधी. साहेबांच्या टेबलावरून कागद हरवला की कुठे गेला असं विचारायचं नसतं. नवीन कागद चढवायचा आणि टाइप करायचं."  

मी एकेक उघडलं. वाचायला नको होती, पण वाचली. पहिलं चार पानी, त्यात डॉक्टरची डिग्री, कॉलेज, कुठल्या वर्षी पास झाला, सगळं कलमवार. दुसरं तीन पानी. तिसऱ्यात कलमं गेली. पाचव्यात डॉक्टर एका वाक्यात उरकलेला. सातव्यात डॉक्टर नव्हताच, तिथे फक्त, "ते गेले तेव्हा तू दारात उभा आहेस असं मला चार दिवस वाटत होतं" एवढं होतं... मी जरा खिडकीबाहेर बघून घेतलं. आणि नववं दोन ओळींचं. "प्रिय दादा, डोळ्याचं ऑपरेशन कसं झालं? मला कळव." बस्स! नऊ वेळा तेच तेच टाइप करून बाईचा राग झिजला होता. आम्ही काच झिजवतो तसा.

पण आता आई म्हणाली, "म्हणजे गेली नव्हती? सगळी आहेत? दाखव." मी म्हटलं नको. "दाखव!" उघडलं पहिलं. चार पानं. आई वाचतेय, मी तिच्या चेहऱ्याकडे बघतोय... आली ती ओळ, चांगला डॉक्टर... आईची नजर थांबली.  तीन आठवडे, एकतीस प्रोग्राम, दीडशे नोकर, सगळं त्या एका ओळीवर अडकलेलं. आई म्हणाली, "दोन चुका आहेत टायपिंगच्या. हे नको पाठवू. शेवटचं पाठव."

पाठवलं! ई-मेलने, तिच्याच हाताने बटण दाबवलं. आणि लगेच रजिस्ट्रीत शिरून तो खिडकीचा थाट जसा होता तसा लावून दिला, गेले वर दोन सेकंद तर गेले.

आता तुम्ही म्हणाल, झालं. कुठलं झालं! मामाचं उत्तर नाही. एक दिवस, दोन दिवस, चार... आई दिवसातून सहा वेळा कॉम्प्युटर उघडते, पन्नास सेकंदांत उघडतो, आणि पन्नास सेकंदांत कळतं की काही आलेलं नाही. पूर्वी निदान अठरा मिनिटं आशा तरी असायची! आठव्या दिवशी आई म्हणाली, "बघितलंस? म्हणून लिहीत नव्हते." आणि मला दिसलं हो, ती परत जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी होती.

नवव्या दिवशी दुकानात फोन आला. मामी! हळू आवाजात, तोंडावर हात धरल्यासारखी. "अरे, पत्र मिळालंय. दहा वेळा वाचलंय ह्यांनी. डोळा छान झालाय. रोज सकाळी उत्तर लिहायचं म्हणून बसतात, पण आमचा तो कॉम्प्युटर मेला उघडायलाच वीस मिनिटं घेतो, आणि तेवढ्यात ह्यांना जुनं आठवतं, 'मला मुळात कळवलंच का नाही तिने,' आणि उठतात रे खुर्चीवरून!"

मला सांगा, हसू की रडू? एकाच आईबापाची दोघं, दुसरं काय निघणार! मी म्हटलं, मामी, कॉम्प्युटरला हात लावू नका, मी येतो. नक्कल ठेवायला पेन ड्राइव्ह घेतला, आकड्यांचे कागद भिंतीवरून काढून खिशात घातले, घरी येऊन म्हटलं, आई, मी मामाकडे जातोय, त्याच्या कॉम्प्युटरवरही तेच करायला लागणार.  मी बूट घालतोय तर ही बाई साडी बदलून, पिशवी घेऊन दारात! "तुझं तासभर आत काम चालणार ना? तोवर बसेन तिथे."

दोन तासांचा बसचा रस्ता. दोन तासांचा! बसमध्ये मी घड्याळ बघत होतो, अकरावं मिनिट आलं, गेलं, आई खिडकीतून बाहेर बघतेय. एक तास गेला. आईने पिशवीतून रुमाल काढला, हातात धरून बसली.

मामाने दार उघडलं. एका डोळ्याला हिरवी पट्टी. दोघं उंबऱ्यात उभी, मी मध्ये पेन ड्राइव्ह घेऊन. शेवटी आई म्हणाली, "डॉक्टर चांगला होता, दादा." मामा म्हणाला, "माहितीये गं. तू मला बोलावलं नाहीस, त्याचं लागलं होतं मला. तोंडातून डॉक्टर निघाला." आणि आई म्हणाली, "मग तसं म्हणायचंस ना!" आणि मामा म्हणाला, "तू बोलू कुठे देतेस!" आणि झालं सुरू! सहा वर्षांचं तुंबलेलं! कोण कुणाला बोलू देत नाही यावरून दोघं पाटावर... म्हणजे सोफ्यावर बसून कडाकडा भांडायला लागली, मामी डोळे पुसत चहा ठेवायला गेली, आणि मी गेलो कोपऱ्यात, कॉम्प्युटरपाशी.

काम केलं हो मी. तुम्हाला सांगतो, जीव ओतून केलं. चौकट उघडली, शब्द लिहिला, चव्वेचाळीस जणांना झोपवलं, नक्कल काढली, रजिस्ट्रीत गेलो, चारशेचा शून्य केला, खिडकीचा थाट मुद्दाम तसाच ठेवला, नोकरांना हात लावताना कीबोर्डवाल्याला सांभाळलं, तासभर मान वर नाही. बंद केला, परत सुरू केला, घड्याळ लावलं... बेचाळीस सेकंद! बेचाळीस! माझ्या आयुष्यातला विक्रम! मी खुर्ची गर्रकन फिरवली आणि ओरडलो, मामा, झाला! बेचाळीस सेकंद! आता उत्तर लिहा!

मामाने पट्टी नसलेल्या डोळ्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "भाचेबुवा, बंद करा तो. त्याच्या पंख्याची घरघर होते, हिचं बोलणं ऐकू येत नाही मला."

केला बंद. तेवढ्याला मात्र एक सेकंद लागला.